पत्ते आणि पत्ता

आमच्या घरी पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो तो मे महिन्यात. दुपारची जेवणं उरकली, की पंख्याखाली सतरंजी पडते, भाचरं-पुतणे गोळा होतात आणि झब्बू नाहीतर बदाम सात सुरू होतं. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत, पण पाच-तीन-दोनमध्ये अजून कुणाला सहजासहजी हात करू देत नाहीत. त्यामुळे मागच्या दिवाळीत लेक पुण्याहून आली आणि तिने माझ्या हातात पत्त्यांचं एक चकचकीत खोकं ठेवलं, तेव्हा मला वाटलं, चला, जुन्या कॅटमधली किलवरची राणी हरवलीच होती, सोय झाली.

‘आई, हे खेळायचे नाहीत. टॅरो आहेत, भविष्य सांगायचे. तुझ्याकडे बायका येऊन मन मोकळं करतातच, तुला छान जमेल बघ.’

सासूबाईंनी चष्मा लावून चार पत्ते उलटसुलट करून पाहिले. ‘ह्यात बदाम कुठाय?’

‘आजी, बदामाच्या जागी पेले आहेत. चौकटऐवजी नाणी, इस्पिकऐवजी तलवारी आणि किलवरऐवजी काठ्या.’

‘म्हणजे भांडी, पैसा आणि मारामारी! संसारच की मग. त्यात भविष्य काय सांगायचं?’

आम्ही सगळे हसलो. पण मैत्रिणींनो, त्या खोक्याने पुढे मला जे शिकवलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तेच आज सांगायचं आहे.

नव्या पत्त्यांशी ओळख व्हायला वेळ लागतो. एक तर ते आपल्या रमीच्या पानांपेक्षा बरेच मोठे, हातात मावत नाहीत. नवे असताना इतके गुळगुळीत, की पिसायला गेलं की निम्मे खाली. काही तर एकमेकांना चिकटूनच बसलेले. शेवटी मी ते लहान मुलं करतात तसे चादरीवर पालथे पसरले आणि दोन्ही हातांनी फिरवले. ‘पोहे कालवतेस की काय!’ सासूबाई म्हणाल्या.

एकूण पत्ते ७८. त्यातले ५६ आपल्या ओळखीतले: चार रंग, एक्क्यापासून दश्शीपर्यंत, आणि वर चित्रांचे पत्ते. फक्त आपल्याकडे गुलाम, राणी, राजा असे तीन, तर इथे सेवक, घोडेस्वार, राणी आणि राजा असे चार. उरलेले २२ मात्र वेगळेच. त्यात सूर्य, चंद्र, न्याय, संन्यासी, मृत्यू अशी मंडळी. सुरुवात शून्य क्रमांकाच्या भोळ्यापासून. खांद्यावर गाठोडं टाकून, वर बघत, हा गडी सरळ कड्याच्या टोकाकडे निघालाय आणि पायाशी एक पांढरं कुत्रं उड्या मारतंय.

सोबत एक पुस्तिका होती. मुंगीच्या पावलांएवढी इंग्रजी अक्षरं. प्रत्येक पत्त्याचा सुलटा अर्थ आणि उलटा अर्थ. पंधरा दिवस मी ते पाढ्यांसारखं पाठ करायचा प्रयत्न केला. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ‘नाण्यांची चौकी, कंजूषपणा’ असं पुटपुटायचे. दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं. मग मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि एक जुनी डायरी घेतली. रोज सकाळी चहा झाला की एक पत्ता काढायचा, पाच मिनिटं नुसता बघायचा, काय दिसतं ते लिहायचं आणि मग पुस्तिकेत काय म्हटलंय ते पाहायचं.

हे मात्र जमलं. आणि मजाही यायला लागली. काठ्यांची दश्शी पाहिली: एक माणूस दहा काठ्यांची मोळी छातीशी कवटाळून वाकून चाललाय, समोरचं गाव त्याला दिसतही नाहीये. मी डायरीत लिहिलं, ‘लग्नघरातली थोरली सून.’ तलवारींच्या नव्वीत कुणी तरी मध्यरात्री अंथरुणात उठून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलंय. ते तर आपण सगळ्यांनीच केलेलं आहे. मृत्यूच्या पत्त्याला मी घाबरून होते. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, राजा आडवा पडलाय. पण नीट पाहिल्यावर दिसलं, मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतोय. पुस्तिका म्हणत होती, हा मरणाचा पत्ता नव्हे, एक पर्व संपून दुसरं सुरू होण्याचा.

आणि तलवारींची अठ्ठी. डोळ्यांवर पट्टी बांधलेली, दोरीने आवळलेली बाई. भोवती आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या. मी आठवड्यातले दोन दिवस आमच्या गावातल्या एका महिला समुपदेशन केंद्रात बसते. ही बाई मी तिथे कितीतरी वेळा पाहिली आहे. पत्ता बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं, की तिचे पाय मात्र बांधलेले नाहीत.

बी.ए.ला माझा इतिहास होता, त्यामुळे ह्या पत्त्यांचं मूळ शोधल्याशिवाय राहवेना. लेकीने दोन पुस्तकं पाठवली. गंमत अशी, की हे पत्ते मुळात खेळायचेच! इटलीच्या उत्तर भागात, मिलान आणि फेराराच्या बाजूला, १४४० च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. आपल्या सावंतवाडीला दशावतारी गंजिफा रंगवतात ना, दहा अवतारांची १२० गोल पानं, तसेच मिलानच्या सरदार घराण्यांनी सोन्याचा वर्ख लावून हाताने रंगवून घेतलेले टॅरोचे पत्ते आजही जपून ठेवलेले आहेत. पुढची तीनशे वर्षं लोक त्यावर डाव मांडत होते, हरत होते, जिंकत होते.

भविष्य त्यात शिरलं ते अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. १७८१ साली पॅरिसच्या कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने लिहून टाकलं, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान. पुरावा काहीच नाही. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचताच येत नव्हती. ती उलगडली १८२२ साली! पण गोष्ट लोकांना आवडली. अलिएत नावाच्या गृहस्थांनी आपलं आडनाव उलटं लिहून ‘एतेया’ असं भारदस्त नाव घेतलं आणि १७८५ साली टॅरोवरून भविष्य कसं पाहावं याचं पुस्तकच काढलं. आपल्याकडचा पिंजऱ्यातला पोपट चिठ्ठी काढतो, कुडमुड्या जोशी दारात येऊन ‘मोठं मन आहे माउलीचं, पण हाताला यश नाही’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त ह्याला परदेशी खोकं आहे.

इतकं सगळं माहीत असूनही, मैत्रिणींनो, माझा पाय घसरलाच.

झालं काय, भिशीला एकदा गंमत म्हणून पत्ते घेऊन गेले. शेजारच्या काकूंना तीन पत्ते काढायला लावले. एक कालचा, एक आजचा, एक उद्याचा. मी म्हटलं, ‘तुम्ही सगळ्यांचं करता, पण तुमचं कुणी करत नाही असं वाटतं तुम्हाला.’ काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी. ‘अगदी खरं गं!’ आता सांगा, आपल्यापैकी कुणाला हे वाक्य लागू पडणार नाही? अमेरिकेत १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची स्वभाव-चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझा’ म्हणून स्वभावाचं वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी ते आपल्याला किती जुळतं याला पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच कागद दिलेला होता, तोही रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून जुळवलेला. हे मी वाचलेलं होतं. तरीही काकूंच्या डोळ्यांतलं पाणी बघून मला वाटलं, आपल्याला काही तरी कळतंय.

झालं! महिन्याभरात दुपारी आमच्या ओट्यावर चपला दिसू लागल्या. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या नवऱ्याची दारू. पैसे मी एक रुपयाही घेतला नाही. पण मान घेतला, आणि तो पैशापेक्षा लवकर चढतो. घरात ज्या बाईला ‘तुला काय कळतंय’ असं वीस वर्षं ऐकावं लागतं, तिच्यासमोर चार जणी श्वास रोखून बसल्या, की तिची मान आपोआप ताठ होते. हे दोनदा म्हणाले, ‘केंद्रात एक सांगतेस आणि घरी दुसरंच. बघ हं.’ मी फणकाऱ्याने म्हटलं, ‘अहो, विरंगुळा आहे. कुणाचं काय वाईट होणार आहे?’

संक्रांतीनंतरची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत एक ताई शिवणकाम करतात. पन्नाशीच्या. सगळं गाव त्यांना शिवणवाल्या ताई म्हणतं. माझं ब्लाउज द्यायला आल्या आणि दारातच घुटमळल्या. ‘वहिनी, माझे बघता का जरा?’

‘काय विचारायचंय?’

त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘माझं माहेर टिकेल का?’

मी पत्ते पिसले. त्यांनी डाव्या हाताने तीन उचलले. पहिला आला पेल्यांची छक्की. इतकं गोड चित्र आहे ते! जुन्या वाड्याचं अंगण, एक मुलगा छोट्या मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय, भोवती आणखी पाच पेले, सगळ्यांत फुलं. दुसरा, तलवारींची दुर्री. डोळ्यांवर पट्टी बांधून एक बाई समुद्राकडे पाठ करून बसलीय, दोन्ही हातांत दोन तलवारी, छातीशी तिढा घातलेल्या. तिसरा, नाण्यांची छक्की. एक श्रीमंत गृहस्थ गुडघे टेकलेल्या दोघांना नाणी वाटतोय.

मी एखाद्या कीर्तनकारासारखी रंगले. ‘हे तुमचं बालपण, भावाची माया. मधे मनात थोडी दुविधा आहे.’ ताईंनी जोरजोरात मान हलवली. ‘आणि शेवटी बघा, देणारा हात आहे. भाऊ तुम्हाला अंतर देणार नाही. निर्धास्त मनाने जा.’

ताईंचा चेहरा उजळला. जाताना त्या माझ्या पाया पडायला लागल्या. मला कसंसंच झालं, पण खरं सांगते, बरंही वाटलं.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. हातात नवी साडी, फॉल-पिकोला आणलेली नव्हे, स्वतःची. ‘वहिनी, तुम्ही म्हणालात तस्संच झालं बघा. धाकट्याने साडी घेतली, थोरल्याकडे पुरणाचं जेवण झालं. सही करून आले.’

‘कसली सही?’

‘ती हो, हक्कसोडाची.’

माझ्या पोटात खड्डा पडला. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. वडिलोपार्जित चार एकर, रस्त्याला लागून. भाऊ दोन महिने मागे लागले होते आणि ताईंना ठरवता येत नव्हतं. तीच ती दुविधा. मी ‘दुविधा आहे’ एवढं ऐटीत सांगितलं, ताईंनी मान हलवली, आणि ‘कसली दुविधा?’ हे तीन-तीन अक्षरी दोन शब्द मी विचारले नाहीत. केंद्रात कुणीही बाई आली की आम्ही पहिल्यांदा विचारतो, ‘काय झालं, सांगा.’ आणि मग गप्प बसतो. इथे मी विचारलंच नाही, नुसतं सांगत सुटले.

आणि हे कुणी करावं? बचत गटांच्या बैठकीत उभं राहून जी बाई वारसा हक्कावर बोलते, तिने! माझी भाषणं मलाच आठवायला लागली. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासूनच मुलाइतका हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर १९९४ सालीच तसा कायदा केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतोच. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. हक्क सोडायला कायद्याची ना नाही. बहिणीने तो आनंदाने सोडावा, भावाची परिस्थिती पाहून सोडावा, तिचा प्रश्न. पण काय सोडतोय, किती सोडतोय, हे तिला कळलेलं असावं. ताईंना चार एकरांतला आपला वाटा किती, हेही माहीत नव्हतं. पुरणपोळी वाढून झाल्यावर गाडीत बसवून दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेलं, अंगठे-फोटो झाले, सही झाली.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना घेऊन तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे गेले. तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही सोय १९८७ च्या कायद्याने दिलेली आहे. वकीलबाईंनी कागद नीट वाचला. म्हणाल्या, ‘दस्त नोंदवलेला आहे. रद्द करून घ्यायचा तर दिवाणी दावा लावावा लागेल आणि फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागेल. ताई, तुम्हाला कुणी खोटं सांगितलं होतं का?’

ताई खाली बघत होत्या. ‘खोटं नाही सांगितलं. कुणी काहीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.’

आणि पत्त्यांनी सांगितलं, हे कुठल्या न्यायालयात सांगणार? ते त्या बोलल्या नाहीत. मी शेजारी बसले होते, मान खाली घालून.

परतताना एस.टी.त मी त्यांची माफी मागितली. सरळच सांगितलं, की ताई, त्या चित्रात तुमचा भाऊ नव्हता, जमीन नव्हती, काहीच नव्हतं. मी मनाने बोलले. ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘वहिनी, तुम्ही काही बोलला नसतात तरी मी सही केली असती कदाचित. भावावर केस करणारी मी नव्हे. पण मग विचार करून केली असती.’

दावा त्यांनी लावला नाही. मी आग्रहही केला नाही. पण ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पत्ते मी खोक्यात घालून कपाटावर टाकले. ओट्यावरच्या चपला हळूहळू कमी झाल्या. मे महिन्यात लेक आली, सतरंजी पडली, झब्बू रंगला, तेव्हा तिने विचारलं, ‘आई, तुझे पत्ते कुठायत?’ मी सगळी हकिकत सांगितली. तिने खोकं काढलं, पेल्यांची छक्की शोधली आणि म्हणाली, ‘आई, ह्या मागच्या माणसाकडे बघितलं होतंस का तू?’

मागचा माणूस? सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग आणलं. अंगणात मागे, डाव्या बाजूला, एक पहारेकरी भाला घेऊन पाठमोरा चाललाय. मुलं अंगणात, आणि राखणदार निघून चाललेला! महिनाभर रोज बघूनही मला तो दिसला नव्हता. मग नाण्यांची छक्की काढली. वाटणाऱ्या गृहस्थाच्या दुसऱ्या हातात तराजू आहे. म्हणजे कुणाला किती द्यायचं, हे तोलणारा तोच. मी तेव्हा फक्त देणारा हात पाहिला होता. ताईंना मिळालेली साडी आठवली.

पण म्हणून ‘बघा, पत्त्यांना सगळं ठाऊक होतं’ असं मी म्हणणार नाही. पत्त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी दुसरं काही तरी बघायला हवं होतं, समोर बसलेल्या बाईकडे.

भिंग हातात होतंच म्हणून कोपऱ्यात पाहिलं, तर तिथे वेलबुट्टीसारखी एक खूण. दुसऱ्या पत्त्यावरही तीच. तिसऱ्यावरही. ‘ही काय भानगड?’ म्हटलं. लेक म्हणाली, ‘ती चित्रकाराची सही आहे. बाई होती ती.’

बाई होती! खोक्यावर तर दोन नावं होती, रायडर आणि वेट. रायडर हे लंडनचे प्रकाशक. ए. ई. वेट हे लेखक, त्यांनी १९०९ साली हा कॅट काढवला. आणि चित्रं काढणारी पामेला कोलमन स्मिथ. तिचं नाव कुठेच नाही.

मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं. पामेलाचा जन्म लंडनचा, १८७८ चा. बालपण काही मँचेस्टरला, काही जमैकात. तिथल्या लोककथा ती पुढे लंडनच्या बैठकांतून साभिनय सांगायची, त्यांचं पुस्तकही तिने १८९९ साली काढलं. न्यूयॉर्कला चित्रकला शिकली, नाटक कंपनीबरोबर फिरली, स्वतःचं छोटं मासिक चालवलं, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून भित्तिचित्रं केली. वेटसाहेबांचं काम तिने काही महिन्यांत पुरं केलं. त्याआधीच्या बहुतेक कॅटमध्ये छक्की म्हणजे नुसते सहा पेले, दश्शी म्हणजे नुसत्या दहा काठ्या असायच्या. पामेलाने त्या साध्या पानांनाही माणसं दिली, घरं दिली, पाऊस दिला. आज जगभर ह्या पत्त्यांत जो जीव आहे, तो तिचा. काम झाल्यावर १९०९ च्या नोव्हेंबरात तिने आपल्या एका छायाचित्रकार मित्राला कळवलं, की फार मोठं काम नुकतंच संपवलं, पैसे मात्र फारच थोडे मिळाले. पत्ते पुढे जगभर खपले. पामेला १९५१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात, समुद्रकाठच्या ब्यूड गावी वारली. डोक्यावर देणी होती, ती फेडायला तिचं सामान विकावं लागलं. तिच्या नावाने स्मरण-संच निघाला तो २००९ साली, पत्त्यांना शंभर वर्षं झाल्यावर. आता पुष्कळ लोक ह्या पत्त्यांचं नाव घेताना तिचंही नाव जोडतात.

मी त्या रात्री बराच वेळ पत्ते घेऊन बसले होते. काम बाईचं आणि नाव दुसऱ्याचं, ही काय आपल्याला नवी गोष्ट आहे? शेतात निंदणी-खुरपणी बाईची, सातबारावर नाव तिचं असतंच असं नाही. पण पामेलाने एक केलं. खोक्यावर नाव देणं तिच्या हातात नव्हतं, म्हणून पत्त्यापत्त्याच्या कोपऱ्यात तिने सही ठेवली. ताईंच्या सहीने त्यांचं नाव पुसलं, पामेलाच्या सहीने तिचं राखलं. सही तीच, दीड इंचाची. ती कुठे करायची आणि कुठे नाही, एवढं कळायला हवं.

पत्ते मी टाकून दिले नाहीत. आता कुणी मैत्रीण आली आणि फारच मागे लागली, तर काढते. पण अर्थ मी सांगत नाही. पत्ता तिच्या हातात देते आणि विचारते, ‘ह्यात तुला काय दिसतं?’ मग चहा ओतता ओतता ऐकते. जी बाई ‘माझं काही नाही हो, सगळं ठीक आहे’ म्हणते, ती चित्रातल्या बाईबद्दल मात्र भरभरून बोलते. बोलता बोलता ‘ती’ची ‘मी’ कधी होते, तिचं तिलाही कळत नाही. एवढाच ह्या पत्त्यांचा उपयोग, आणि तो कमी नाही.

दुसरा एक नियम मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय: ज्या प्रश्नाला पत्ता आहे, त्याला पत्ते लावायचे नाहीत. छातीत गाठ लागतेय, तर त्याला पत्ता आहे, दवाखान्याचा. नवरा मारतो, त्याला पत्ता आहे. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. जमिनीचा, घराचा, वाटणीचा कागद आहे, त्याला तालुक्याच्या विधी सेवा समितीचा पत्ता आहे, आणि १५१०० वर फोन करूनही मोफत कायदेशीर मदतीची माहिती मिळते. कागदावर सही करण्याआधी सातबारा आणि फेरफार काढून बघावा, आपल्याकडे ज्यांना आपण अजून तलाठी भाऊसाहेबच म्हणतो त्यांना विचारावं, कागद घरी आणून दोन दिवस ठेवावा. ‘आजच सही हवी’ असं कुणी म्हणालं, की तर दोन दिवस नक्कीच ठेवावा. मग हक्क सोडलात तरी तो तुम्ही सोडलेला असेल, तुमच्याकडून सुटलेला नसेल.

गेल्या आठवड्यात शिवणवाल्या ताई आल्या होत्या. मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. त्यांच्या हातात निळ्या फायलीत पाच-सहा पानं. दिराच्या मुलाला दुकानासाठी कर्ज हवंय, जामीन म्हणून ताईंची सही पाहिजे. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, ‘पत्ते नकोत हं, वहिनी. हे वाचू आपण.’

दोघींनी चष्मे लावले. पहिल्या पानापासून सुरुवात केली. जिथे समजलं नाही तिथे ताईंनी पेन्सिलने फुली केली. एकूण अकरा फुल्या झाल्या. ती यादी घेऊन त्या दुसऱ्या दिवशी स्वतः बँकेत गेल्या, एकट्या. सही केली की नाही, ते मी विचारलं नाही.